प्रवेशिका पाठवण्याआधी

वैजू, तुझा निरोप मिळाला.
फोटो स्पर्धेत पाठवायचाय, शेवटची तारीख शनिवार,
आणि तू विचारतोस मला,
ज्याची सगळी बक्षिसं खडेबाजारच्या स्टुडिओत
रिकाम्या रोलच्या डब्यांमागे पडून आहेत:
दोन उत्तेजनार्थ, एक स्टीलचा डबा.

तरी सांगतो.

नियम वाच. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतात तेही.
ब्याण्णव साली मी वाचले नाहीत,
आणि भरमा सांबरेकरचा पहिला फोटो
कडेला पांढरी पट्टी राहिली म्हणून बाद झाला.
तेरा वर्षांचा होता भरमा. अनवाणी.
कॅम्पातल्या मैदानावर पोटरीपर्यंत लाल माती,
समोर मिशनच्या शाळेची बूटवाली पोरं,
आणि हा त्यांच्यामधून असा निसटला
जसा उधारी थकलेला माणूस
वाण्याच्या दारावरून निसटतो.

एकच पाठव.
दहा सारखे फोटो पाठवणाऱ्याला
स्वतःलाच ठरवता आलेलं नाही,
हे परीक्षकाला लगेच कळतं.
माझ्याकडे भरमाचे चारशे आहेत.
लोंढ्याच्या फलाटावर ट्रंकेवर बसलेला,
गोव्याच्या क्लबानं बोलावलं होतं, महिना अठराशे,
आईनं बांधून दिलेल्या कुंद्याचं तूप
कागदातून शर्टावर उतरलेलं.
मग देशाच्या निळ्या जर्सीत. दोनच सामने,
दुसऱ्यात तर अकराच मिनिटं.
मग गावच्या वेशीवर कमान,
तिच्यावर त्याचं नाव दोन लिप्यांत,
दोन्हीकडे चुकलेलं.

हां, अर्जात राज्याचा रकाना असतो.
तुझ्या आजोबांचं पेन त्या रकान्यापाशी
तीन वर्षं अडलं, तीन स्पर्धा गेल्या.
तू पिनकोड आधी लिही.
पिनकोडावरून अजून कुणाची डोकी फुटली नाहीत.

रंग फार चढवू नकोस. आपली माती
आधीच पुरेशी लाल आहे.

आणि माणसाला विचार.
टिळकवाडीच्या प्रदर्शनी सामन्यात भरमाचा गुडघा गेला,
तेव्हा मी सहा पावलांवर होतो. बोट आपोआप दाबलं गेलं.
तो चेहरा धुऊन वर आला ट्रेमध्ये
आणि डार्करूममध्ये मी एकटाच असून
मला कुणीतरी बघतंय असं वाटलं.
सगळे म्हणाले, पहिलं बक्षीस, डोळे मिटून.
इस्पितळात नेऊन दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाला,
"नको रे बा. आई बगतीय की ते."
निगेटिव्ह मी त्याच्या उशीखाली ठेवून आलो.

चेंडू चौकटीत हवा, असं म्हणतात.
मी पाठवलेल्या एकात नव्हता.
भरमा मागे वळून हसतोय, हात कमरेवर,
गोलकीपर अजून हवेत,
आणि चेंडू कधीच जाळीपलीकडे गेलेला.
"चेंडू कुठाय?" असा शेरा मारून परत आला.
तो मी काउंटरमागे लावलाय.
गिऱ्हाईकं पासपोर्ट फोटोसाठी बसतात
आणि त्याच्याकडे बघून नीट हसतात.

आता तो विमानतळाबाहेर
पार्किंगच्या पावत्या फाडतो.
पण रविवारी उजाडायच्या आधी सांबऱ्याच्या माळावर
चुन्याचा डबा घेऊन मैदान आखतो.
पाय ओढतो थोडा, त्यामुळे मधली रेषा
दरवेळी किंचित डावीकडे सरकते.
पोरं तीच रेषा खरी धरून खेळतात.
अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

तिथे जा. पहिल्यांदा कॅमेरा पिशवीतच ठेव.
"काय करालास?" म्हणाला तर माझं नाव सांग,
डबा धर, दुसरी बाजू आखू लाग.
शनिवारपर्यंत व्हायचा नाही हा फोटो.
नाही तर नाही.