सोळा फूट, चार इंच

लाँग बीचच्या उत्तरेला, जिथे कालवा सगळा सिमेंटचा
आणि पाणी वर्षातून दहाएक दिवस,
तिथे रविवारी मोजपट्टी घेऊन गेलो.
एका काठावर मी, दुसऱ्या काठावर सोफाल केम,
डोनटच्या दुकानाला कुलूप घालून आलेली,
बोटांना अजून साखर.

सोळा फूट, चार इंच.

लोक म्हणतात पंचवीस.
लोक म्हणतात, तेओ बाल्मासेदा स्केटबोर्डवरून उडाला
तेव्हा खालून मालगाडी धडधडत चालली होती.
इथे रूळ कधीच नव्हते.
म्हणतात, घोटा मोडलेला होता, बुटात प्लास्टर होतं,
पोलिसांनी शिट्ट्या फुंकायच्या सोडून टाळ्या वाजवल्या,
आणि हवेत असताना त्यानं एक नाव घेतलं.
कुणाचं, ते गल्लीगणिक बदलतं.

आपण स्वतः पाहिलं म्हणणारे वहीत उतरवून घेतले:
तीनशे बारा.
काठावर चाळीस माणसं मावतात, तीही खांद्याला खांदा लावून.
तीनशे तेरावा मी.
वीस वर्षं छातीठोक सांगत आलो, होतो म्हणून.
खरं तर मी तेव्हा फ्रेस्नोला, आत्याकडे,
कांजिण्यांनी फणफणलेला.

व्हिडिओ आहे. अठरा सेकंदांचा.
पळत येणं दिसतं, फळीचं सुटणं दिसतं,
आणि नेमका तेव्हाच कुत्रा भुंकतो,
कॅमेरा धरलेल्या डेझमंडची मान वळते.
पुढे नुसतं आभाळ, जाळीचं कुंपण, एक शेपूट.
मग खट्ट. मग आरोळी.
त्या आरोळीवर तीस वर्षं उभी आहेत.
पण पडलेल्या माणसासाठीही लोक ओरडतात,
आणि टेपवर दोन्ही सारखंच ऐकू येतं.

तेओ आता सिग्नल हिलला फ्रीज दुरुस्त करतो.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गुडघे टेकून,
बॅटरी दातांत धरून बसला होता.
ती काढून म्हणाला, पडलो.
त्या दिवशी तीनदा पडलो. लपवलं नाही कधी.
सगळे विचारायचे, कसं वाटलं?
उतरलास का, हे कुणी विचारलंच नाही.

मग?
मग दुसऱ्या दिवशी पहाटे. एकटाच.
एवढं बोलून त्यानं डोकं पुन्हा फ्रीजमागे घातलं.

पहाटेची साक्षीदार एकच.
सोफाल तेव्हा एकोणीसची,
कचऱ्याची पिशवी टाकायला मागच्या दारानं आलेली.
मुलगा उडाला, ती म्हणते, आणि उतरला, झालं.
टाळी वाजवायची तर हातात पिशवी.
मग तो दुकानात आला, दोन मेपल डोनट घेतले,
तीस सेंट कमी पडले.

उधारीची वही तिनं टाकलेली नाही.
मार्च चौऱ्याण्णव, तेलाचे डाग, खमेर अक्षरं.
ती बोट ठेवून वाचते:
फळीवाला पोरगा, तीस सेंट.
मला खमेर येत नाही.
ती वाचते म्हणून तसं लिहिलंय, असं मी धरून चालतो.
एवढ्या खटाटोपानंतर
पुराव्याच्या नावानं हाती हेच,
आणि तेही सांगोवांगीच.

त्यात काउंटीच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या,
दक्षिणेची भिंत अठ्ठ्याण्णवला पाडून नवी बांधली.
पुढे सरकली की मागे?
नकाशावर आकडा आहे, त्याच्यापुढे 'अंदाजे'.
म्हणजे माझे सोळा फूट चार इंच
आजचे आहेत, त्या पहाटेचे नव्हेत.

पट्टी गुंडाळत होतो तर एक पोरगी आली,
दहा-अकराची, हेल्मेट उलटं,
बगलेत स्केटबोर्ड.
पंचवीस फूट ना?
सोळा, मी म्हणालो. चार इंच धरले नाहीत.
सोळा? तिचं तोंड पडलं.
मग ती काठाशी गेली,
खाली वाकून पाहिलं,
समोरच्या काठाकडे पाहिलं,
पुन्हा खाली.

आणि एक पाऊल मागे सरकली.