पाऊण ग्रॅम

एकतीस वर्षं मुदत ठेवींच्या खिडकीत बसलो.
लोकांचा उद्या मोजून घेतला, शिक्का मारला, पावती दिली.
निवृत्त झालो तेव्हा वैजयंती म्हणाली,
एखादा छंद लावून घ्या.
तिच्या मनात बोन्साय वगैरे असावं.

मी विमान करायला घेतलं.
दीड हात पंखांचं, बॅटरी नसलेलं.
ऊन आहे तोवर उडेल.
साठवायचं काही नाही.

मोटर जुन्या बाजारातली,
बुधवारी नौशादच्या गोणपाटावर मिळालेली,
फुटक्या सीडी प्लेअरच्या पोटातून काढलेली.
"काय वाजवणार?" त्यानं विचारलं.
"उडवणार."
त्यानं पाच रुपये सोडले. का, ते सांगितलं नाही.

सेल निळे, पापडाहून पातळ.
पहिला डाग देताना फुटला.
दुसरा पुसताना.
तिसरा मी शिंकलो म्हणून.
त्यानंतर आमच्या घरात आठवडाभर
फोडणीसुद्धा दार लावून दिली जायची.

वजन करायला रविवार पेठेत गेलो,
कारण किराणावाल्याच्या काट्याला ते दिसतच नव्हतं.
ओसवालशेठनी भिंग लावून फासळ्या पाहिल्या.
"साडेपाच तोळे," म्हणाले,
आणि जरा थांबून, "घडणावळ बरीच दिसते."

साडेपाच म्हणजे जास्तच.
मग काटछाट. रंग नको, रंगाला वजन असतं.
चाकं नकोत, गवतात उतरेल.
नाव द्यायचं होतं, राहू दे.
शेवटी स्विचही काढला, पाऊण ग्रॅम वाचला.
आता ऊन पडलं की चालू, सावली आली की बंद,
मध्ये मला विचारायचं कारण नाही.

तळजाईचं पठार, मार्चमधली दुपार, साडेबारा.
शहाणी माणसं घरी पडदे ओढत होती.
तीनदा फेकलं, तीनदा नाकावर.
हातात असताना गरगरायचं,
सोडायच्या क्षणी मुकं.

भरतीसाठी पळायला आलेली एक मुलगी
गुडघ्यांवर हात टेकून धाप टाकत बघत होती.
"काका, तुमच्या टोपीची सावली पडतीय त्याच्यावर."

सात सेल एका रांगेत जोडलेले.
एकावर सावली आली
की बाकी सहांचं काही चालत नाही.
हे मला ठाऊक होतं. आकृती मीच काढली होती.
आकृतीत मी नव्हतो.

चौथ्यांदा तिनं फेकलं. दीक्षा गवारे, नाव नंतर विचारलं.
उन्हाकडे तोंड, हात खालून,
भाला फेकणाऱ्या माणसानं भाल्याची माफी मागावी, इतकं हळू.

ते गेलं.
आवाज म्हणाल तर
तीन घरं सोडून कुणीतरी शिवण मारतंय, एवढाच.
शेपूट जराशी डावीकडे वळवलेली, त्यामुळे गोल गोल,
गिरिपुष्पाच्या गुलाबी शेंड्यांवरून
वर, आणखी एक वेढा, आणखी वर.
एक घार चौकशीला आली, पटलं नाही, निघून गेली.
मी काय करत होतो?
काही नाही. दोन्ही हात रिकामे होते, तेवढं आठवतं.

मग एक ढग,
रुमालाएवढा, पावसाशी काही संबंध नसलेला.
पंखा थांबला.
ते पडलं नाही. उतरलं.
वाळक्या गवतात, आमच्यापासून वीसेक पावलांवर.
"परत?" दीक्षा म्हणाली.
पण तिच्या सोळाशे मीटरची वेळ चुकत होती.

घरी वैजयंतीनं विचारलं, किती वेळ?
चार मिनिटं.
ती काही बोलली नाही.
चहात साखर जरा जास्त पडली होती.

आता ते स्वयंपाकघरात, बरण्यांच्या वरच्या फळीवर असतं.
सकाळी सव्वासातला खिडकीच्या गजांतून ऊन येतं,
आधी हळदीच्या बरणीवर, मग पंखावर,
आणि कुणी उठलेलं नसताना ते फिरू लागतं.
म्हणून रात्री झोपताना ती त्याच्यावर पंचा टाकते.

काल विसरली.
अंथरुणातूनच ऐकलं मी.
तीही जागी होती.