तीन गैरहजेऱ्या

जयंती समितीची चिठ्ठी आली, छापील:
रावबहादूर चनबसप्पा बोरामणीकर यांच्या
वंशजांनी पुराव्यानिशी कळवावे.
पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, श्रीफळ.
खाली पेनानं – शालीऐवजी चादर देण्यात येईल.

बाबांनी ती चिठ्ठी
औषधांच्या डब्यात ठेवली, बीपीच्या गोळ्यांखाली.
जन्मभर ते चौकातल्या पुतळ्याकडे
तिरप्या नजरेनं बघत आलेत,
उधारी मागायची राहून गेलेल्या माणसासारखे.
नाक बघ, म्हणतात. नाक आपलं आहे.
पुतळ्याचं नाक दोनदा बदललंय
हे मी एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांगत नाही.

आडनाव पुरावा होत नाही.
दुष्काळात बोरामणीहून जो जो चालत आला
तो तो बोरामणीकर झाला:
एकट्या आमच्या पेठेत एक मठपती, एक न्हावी, दोन टांगेवाले.
आमच्याकडे आहे ती एक ऐकीव गोष्ट.
दर अमावास्येला बंगल्यावरून शाळूचं एक पोतं यायचं,
आजोबा अकरा वर्षांचे होईपर्यंत.
मग यायचं थांबलं.
पणजी इरव्वा यावर काही बोलायची नाही.
फारच कुणी खोदून विचारलं तर,
शाळू चांगला होता, एवढंच.

नगरपालिकेच्या तळघरात
जिलानी बागवान मोडी वाचतात,
एका डोळ्याला भिंग, दुसरा मिटलेला.
साल सतरा. श्रावण.
'मुलगा. आई इरव्वा, धंदा कांडी भरणे.
बाप...'
ते थांबले. भिंग सदऱ्याला पुसलं.
'इथं रेघ आहे.'
शाई ओघळली असेल, मी म्हणालो.
'नाही हो. पट्टी लावून ओढलीय.'

गिरणी मोडीत निघाली तेव्हा
यंत्रं टनावर गेली, हजेरीपट किलोवर.
त्यातले काही म्याकल रद्दीवाल्यानं ठेवून घेतले,
पुठ्ठ्याला कातडं होतं म्हणून.
मे महिना, पत्र्याची शेड, बेचाळीस अंश.
दोन रविवार मी पानं उलटत बसलो,
बोटांना झुरळांचा वास.
मग सापडली. कांडी खातं, नंबर एकशे बारा, इरव्वा.
हजर हजर हजर हजर
आणि तीन फुल्या.
चौथ्या दिवशी हजर.
तारखा मी तळघरातल्या रेघेशेजारी लावून पाहिल्या.
जुळल्या.

यातून रावबहादूर सिद्ध होत नाहीत.
म्हणून शेवटी वाचनालयात
कायदेमंडळाच्या कामकाजाचे खंड काढले,
ज्यांची पानं अजून कुणी फाडलेली नव्हती.
साल अठ्ठावीस. गिरणीतल्या बायांना
बाळंतपणाची रजा द्यावी की नाही.
सोलापूरचे सन्माननीय सदस्य उठले.
भाषण इंग्रजीत. मी डिक्शनरी घेऊन हळूहळू लावलं:
या बायांना इतक्या आठवड्यांची गरज नाही,
त्यांची शरीरं काटक असतात,
माझ्या माहितीतली एक बाई
चौथ्या दिवशी यंत्रापुढे उभी होती.
पुढे कंसात: हशा.

कोण बाई, हे सभापतींनी विचारलं नाही.
मी मात्र त्या खुर्चीत पंखा बंद होईपर्यंत बसलो.
इतक्या मोठ्या माणसाला
खात्यातली एक कांडीवाली,
तिचा चौथा दिवस,
अकरा वर्षांनंतर
कसा काय लक्षात राहतो?

घरी आलो तर बाबांनी
पांढरा सदरा इस्त्री करून
खुर्चीच्या पाठीला अडकवला होता.
मिळालं का काही?
मिळालं, मी म्हणालो. तीन दिवस.
ते बराच वेळ बोटं मोजत राहिले,
मग हळूच म्हणाले,
समितीला चालेल का ते?