लॉगआउट

डरहॅममध्ये चारलाच अंधारतं.
खिडकी लावून मी दुसरी खिडकी उघडते:
कुठल्याशा तळघरातल्या यंत्राचा पडदा
माझ्या मांडीवर.
माउस हलवला की बाण जरा वेळाने निघतो,
उंबऱ्याशी चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखा.

तापात तीन दिवस गेले.
आज जोडलं, तर सगळं जागच्या जागी.
अर्धा आलेख, अर्धवट शब्द,
त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ.
इतकं कुणी थांबलं नव्हतं माझ्यासाठी.

मग रांग पाहिली.
पहिलंच नाव इमोजेनचं,
शनिवारपासून ताटकळतेय.
सोमवारी तिचा प्रबंध.

शब्द पुरा केला. सेव्ह.
सत्र संपवायचं?
बाण ‘हो’पर्यंत सावकाश गेला.

चहा टाकायला उठले
तर पायही
जरा वेळानेच निघाले.