मांडाच्या कडेला

पौषातली रात्र. कोरगावचा मांड.
धालोच्या बायका दोन ओळींत, कमरेला कमरेचा हात.
पुरुषाचं पाऊल इथं पडायचं नाही,
म्हणून मी माडाच्या बुंध्याशी, चपला घालूनच.

नववीत दशावतारात मला दमयंती केलं होतं.
याच बायांनी आपापल्या डबीतलं कुंकू दिलं,
निऱ्या नीट बसवल्या,
म्हणाल्या, अशी चाल आमच्या सुनांना नाही.
पहाटे साडी परत गेली.
चाल राहिली, आणि तिच्यावरून मार.

गेल्या महिन्यात पणजीला परिसंवाद.
बायांचा इतिहास कुणी लिहिलाच नाही, बाई म्हणाल्या.
मी वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ ओढली.
चहाला त्याच जवळ आल्या, हळू आवाजात:
बाथरूम तू तळमजल्यावरचं वापरशील ना?

आज शेवटची रात्र, सोंगांची.
कुसमावयनीला काजळाची मिशी, नवऱ्याची पँट,
खांद्यावर केरसुणीची बंदूक.
हसून हसून बायका जमिनीला टेकल्या.
तिला कुणी विचारलं नाही, आत काय आहे.

शिकार शोधत ती माडापर्यंत आली,
केरसुणी रोखली. मिशी घामानं ओघळलेली.
"कोण गो ती थंय?"

गो म्हणाली. ती म्हणाली.
मग बंदूक खाली करून, नेहमीच्या आवाजात:
"शेवंतेचो गुडघो धरलो. ओळींत एकली उणी."

टोकाची एक बाई पदर सावरत घरी निघाली.
मी चपला काढल्या. सारवण थंडगार.
गाणं सगळं पाठ होतं;
पट्टी कुठली लावायची, तेवढं ठरत नव्हतं.