किती वजन?

लिएपायाच्या बंदरात, फिरत्या पुलाच्या अलीकडे
आर्विड्स ग्राउडिन्शचं दोरांचं दुकान.
त्याच्या वेबसाइटवर एक नांगर गरगर फिरायचा,
लाटांचा आवाज आपोआप सुरू व्हायचा,
आणि चार भाषांतलं सुस्वागतम
उघडायला इतका वेळ घ्यायचं
की तोवर पाहुणा निघून गेलेला असायचा.

लोक येतात आणि नऊ सेकंदांत जातात,
मी त्याला आलेख दाखवला.
तो म्हणाला, मग नांगर अजून मोठा कर.

मी वाद घातला नाही.
तीन दिवस त्याच्या गल्ल्यामागे स्टुलावर बसले,
डांबराचा वास स्वेटरमध्ये मुरेपर्यंत.
गिऱ्हाईक आलं की हा ना हसायचा,
ना भिंतीवरच्या आजोबांकडे बोट दाखवायचा.
एकच विचारायचा: किती वजन?
मग आत जाऊन वीतभर तुकडा आणायचा
आणि समोरच्याच्या तळव्यावर ठेवायचा.
बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात.
इथे माणसं गुपचूप दोर पिळून बघत होती
आणि पाकिटं काढत होती.

मी नांगर काढला. लाटा गप्प केल्या.
आजोबांना अगदी खाली, पत्त्याशेजारी बसवलं,
तिथे ते जास्त निवांत दिसतात.
वर, बऱ्याचशा मोकळ्या पांढऱ्यात, एकच चौकट:
किती वजन?
आकडा टाका, तेवढं पेलणारे दोर समोर येतील,
बाकीचे आपापल्या फळीवर थांबतील.

बटणं मोठी कर, हे त्याचं.
फेब्रुवारीत डेकवर हातमोजा दातांनी ओढून काढतात,
दोन बोटांपुरतीच उसंत असते,
आणि ती बोटंही ओली.

भांडण झालं ते एका ओळीवरून.
हिरव्या दोराच्या किमतीखाली त्याला लिहायचं होतं:
उणे दहाच्या खाली हा ताठरतो.
गाठ बसत नाही. हिवाळ्यासाठी घेऊ नका.
मी म्हटलं, आर्विड्स,
गोदामात याचीच चारशे भेंडोळी पडली आहेत.
तो म्हणाला, म्हणूनच तर.

मी ती ओळ राखाडी केली. बारीक.
दुसऱ्या दिवशी फोन: दिसत नाही.
काळी केली.
दिसते, पण कुजबुजल्यासारखी.
शेवटी किमतीएवढीच ठळक केली
आणि लगोलग माझं बिल पाठवून दिलं,
दुकान बुडायच्या आत.

जानेवारीत व्हेंट्सपिल्सहून मागणी आली,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
नऊ ट्रॉलरांची कंपनी,
खरेदी बघणारी कुणी सार्मीते व्हिटोला.
आधी ती हिरव्या दोरापाशी थांबली होती. अकरा मिनिटं.
(त्या अकरा मिनिटांत तिने काय केलं असेल?
चहा? की बाहेरचा थंडीचा आकडा बघून आली?)
मग पांढरा घेतला, जवळजवळ दुपटीने महाग.
शेऱ्याच्या जागी एवढंच:
हिरव्याबद्दल आमच्या जुन्या विक्रेत्याने
कधी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये ती परत आली. पानाने ओळखलं,
उगाच नावाने हाक मारली नाही, फक्त विचारलं:
गेल्या वेळचाच? चोवीस मिलिमीटर, दोनशे मीटर?
हो. एक टिचकी.
मी आलेख उघडला. नऊ सेकंद.
तोच आकडा.

मे महिन्यात तिने हिरवाही मागवला,
साठ भेंडोळी, उन्हाळ्यापुरती.

हे सांगायला गेले तेव्हा आर्विड्स
दोराचं टोक मेणबत्तीवर वितळवत होता,
पीळ सुटू नये म्हणून.
मान वर न करता म्हणाला,
तो नांगर टाकून तर नाही ना दिलास?

नाही, मी म्हटलं.
माझ्याकडे एका फोल्डरमध्ये आहे.
अजून फिरतोय.