नमुना क्रमांक तेवीस

मॅडम म्हणाल्या, तीस नमुने आणा.
माणसांना नमुने म्हणतात
हे मला दुसऱ्या वर्षाला कळलं.
आमच्या घरी नमुना एकच, धाकटा काका.

शनिवारी मिरकरवाड्याच्या जेटीवर
उपड्या क्रेटवर बसले.
गळ्यात ओळखपत्र, फायलीत तीस कोरे फॉर्म.
पहिला तासभर माझ्याशी फक्त मांजरं बोलली.

प्रश्न नऊ. उत्तरं चार:
मुळीच नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
वर्गात आम्ही ते एकमेकींना विचारलेले,
पंख्याखाली, हसत.
इथं ‘निराश’ हा शब्द
बर्फाच्या ट्रकवर आवाज चढवून तीनदा ओरडावा लागला.
‘काय निराश?’ एक तांडेल म्हणाला,
‘डिझेलचा रेट विचार.’

हमीदाचाची जाळं शिवत होत्या.
त्यांनी एक सुई माझ्याकडे टाकली:
‘हात रिकामे ठेवून विचारतेस, कोण सांगील?’
तेव्हापासून फॉर्म मांडीखाली, दोरा बोटांत.
गाठ चुकली की त्या उसवायच्या, काही न बोलता.
आणि माणसं येऊन बसू लागली.
एक नेपाळी पोरगा तर नुसताच बसला,
एकही प्रश्न न कळता, अर्धा तास.
त्याला मी कितवा नमुना म्हणू?

तेविसावा खलाशी, वय चौतीस.
नाव लिहायचं नसतं. त्यानं तरी सांगितलं.
मी ते इथंही लिहीत नाही.

झोप लागते का?
‘बोटीवर लागता. घरात नाय.
इंजिन बंद झाला की कान उघडे राहतात.’
चार रकाने होते.
इंजिन कुठल्या रकान्यात टाकायचं?
पेपर वाचताना लक्ष लागतं का?
‘पेपर आमच्याकडं वड्याला गुंडाळून येतो.
वडा खाल्ला की वाचतो.
तेल असता, तेवढा सोडून.’

नववा प्रश्न मी आरशासमोर पाठ केलेला.
आवाज उतरवायचा नाही. नजर चुकवायची नाही.
‘म’ ओठांवर आला,
तोच हमीदाचाची म्हणाल्या,
‘जेटीवर तो शब्द नको, पोरी. बोटी ऐकतात.’

मग मी विचारलं,
पुस्तकात नसलेलं, कुणी तपासून न दिलेलं:
कधी वाटतं का,
आपण बोटीबरोबर परत येऊच नये?

चाचींची सुई थांबली.
‘वाटता,’ तो म्हणाला. ‘दिवाळीपासून.’

बेरीज मी केली नाही.
क्रेटांमागं जाऊन मॅडमना फोन लावला.
फॉर्म मिट, त्या म्हणाल्या, त्याच्याजवळ बस,
मी निघाले. चाळीस मिनिटं.

चाळीस मिनिटं काय बोलायचं
ते कुठल्याच धड्यात नव्हतं.
मी गाठी मारल्या.
त्यातल्या दोन त्यानं सोडवल्या, पुन्हा मारून दाखवल्या.
मुलीचं नाव सांगितलं.
तिला मासे आवडत नाहीत म्हणाला,
आणि जवळजवळ हसला.
मॅडम रिक्षातून उतरल्या,
घामाघूम, चपलेचा अंगठा तुटलेला.

सोमवारी तो सिव्हिलला आला.
पुढच्या सोमवारी नाही.
त्याच्या पुढच्या आला, भावाला घेऊन.
आता तुझं काम संपलं, मॅडम म्हणाल्या.
मी एकोणतीस फॉर्म जमा केले.
आई म्हणाली, फाईल बाहेर वाळत टाक,
बांगड्याचा वास येतोय.

काल जेटीवर गेले, काही काम नसताना.
बोट सुटत होती. भाऊ सुकाणूवर,
तो नाळीपाशी उभा.
त्यानं हात वर केला.
मला बघून, किंवा
माझ्या मागं दोर सोडणाऱ्याला.

निरीक्षण वेगळं, अनुमान वेगळं:
पहिल्या सत्राचा पहिला धडा.
तेव्हा दोन मार्कांसाठी पाठ केला होता.

वहीत तारीख घातली,
आणि एवढंच लिहिलं:
हात वर केला.